चित्रपटाचा सातबारा

जुना चित्रपट दाखवायचा ठरला की फिल्म सोसायटीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : याला परवानगी लागते का? समजा चित्रपट आहे कॅरल रीड यांचा ‘द थर्ड मॅन’. १९४९ मध्ये लंडनमध्ये झळकलेला, युद्धानंतरच्या उद्ध्वस्त व्हिएन्नात घडणारा, भेसळीच्या पेनिसिलिनच्या काळ्या बाजाराची गोष्ट सांगणारा. त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. दिग्दर्शक रीड, लेखक ग्रॅहम ग्रीन, झिथर वाजवून साऱ्या जगाला वेड लावणारे अँटोन कारास, पडद्यावरचे ऑर्सन वेल्स आणि जोसेफ कॉटन, यांपैकी आज कुणीही हयात नाही. इंटरनेटवर त्याच्या प्रती सहज सापडतात. मग एक सदस्य म्हणतो, ‘एवढा जुना, म्हणजे फुकटच असणार.’ दुसरा म्हणतो, ‘पण सुरुवातीला कंपनीचं नाव येतं, म्हणजे हक्क असणारच.’ दोघेही चुकतात, आणि दोघांची चूक एकाच जातीची आहे. चित्रपट ही एकच वस्तू आहे आणि तिच्याबद्दल ‘हक्क आहे’ किंवा ‘हक्क संपला’ असे एकच उत्तर मिळेल, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

या लेखाचे म्हणणे असे की ‘हा चित्रपट मुक्त आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्यातला कोणता भाग, कोणत्या देशात आणि कोणत्या तारखेला, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ‘मुक्त’ म्हणजे कॉपीराइटची मुदत संपून कृती सर्वांना वापरायला खुली होणे. त्यालाच पब्लिक डोमेन म्हणतात. ‘द थर्ड मॅन’चे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हक्काच्या बाबतीत जे जे घडू शकते ते बहुतेक सगळे या एका चित्रपटाच्या वाट्याला आले.

एका पडद्यामागे अनेक खातेदार

जमिनीचा व्यवहार करणारा शहाणा माणूस बांधावर उभा राहून ‘ही जमीन कुणाची’ असे विचारत नाही. तो सातबारा काढतो. त्यावर मालकाचे नाव असते, पण तेवढेच नसते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची नोंद, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा असे बरेच काही निघू शकते. मालकाशी सौदा झाला म्हणून या नोंदी पुसल्या जात नाहीत. चित्रपटाचेही तसेच असते. पडद्यावर दिसणारी, कापून-जोडून तयार झालेली चित्रफीत ही एक मालमत्ता. तिच्याखाली पटकथा आणि संवाद ही साहित्यकृती. ती एखाद्या कथेवरून बेतलेली असेल तर ती कथा वेगळी. संगीत वेगळे, गाण्यांचे शब्द वेगळे, आणि भारतातल्या बहुतेक चित्रपटांत गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही वेगळ्या. प्रत्येकाचा जन्मदिवस निराळा आणि मुदत मोजण्याची रीतही निराळी. फरक इतकाच की जमिनीचा उतारा तलाठ्याकडे तयार मिळतो, चित्रपटाचा मात्र आपल्यालाच एकेक नोंद गोळा करून लिहावा लागतो.

‘द थर्ड मॅन’मध्ये हे थर स्पष्ट वेगळे करता येतात. निर्मिती अलेक्झांडर कोर्डा यांच्या लंडन फिल्म्सची, भागीदार अमेरिकेतले डेव्हिड सेल्झनिक. ग्रीन यांनी पटकथेआधी ही गोष्ट छोट्या कादंबरीच्या रूपात लिहून काढली होती. कच्चा आराखडा म्हणून लिहिलेली ती कादंबरी १९५० मध्ये पुस्तक म्हणून छापली गेली, त्यामुळे ती स्वतंत्र कृती झाली. कारास यांचे संगीत तिसरे. शिवाय चित्रपटाच्याच दोन आवृत्त्या आहेत : ब्रिटिश आवृत्तीत सुरुवातीचे निवेदन स्वतः रीड यांच्या आवाजात आहे, तर सेल्झनिक यांनी अमेरिकेसाठी सुमारे अकरा मिनिटे कापली आणि निवेदन कॉटन यांच्या आवाजात घातले. आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे, इथूनच तपास सुरू होतो.

अमेरिका : संपलेला हक्क परत येतो

अमेरिकेचा १९०९ चा कायदा आज विचित्र वाटावा असा होता. कृती प्रसिद्ध करताना तिच्यावर हक्काची सूचना छापावी लागे. त्यावर २८ वर्षांचे संरक्षण मिळे, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज केला तरच दुसरी मुदत सुरू होई. अर्ज राहिला की हक्क कायमचा गेला. तो मुद्दाम सोडला, विसरला, की कंपनी बुडाल्यामुळे करायलाच कुणी उरले नव्हते, याची चौकशी कायदा करत नसे. चाळीस-पन्नासच्या दशकांतले कितीतरी अमेरिकी गुन्हेपट असेच मोकळे झाले. मोठ्या स्टुडिओंकडे नूतनीकरण सांभाळणारी यंत्रणा होती. लहान स्वतंत्र निर्मात्यांकडे नव्हती, आणि हे चित्रपट बऱ्याचदा अशाच निर्मात्यांचे असत. ऑर्सन वेल्स यांच्या ‘द स्ट्रेंजर’ (१९४६) या चित्रपटाचे नूतनीकरण १९७३ मध्ये झाले नाही. विषबाधा झालेला माणूस स्वतःच्याच खुनाची फिर्याद द्यायला पोलिसांकडे येतो, ती गोष्ट सांगणारा ‘डी. ओ. ए.’ (१९५०) याच वाटेने गेला.

‘द थर्ड मॅन’चेही आधी तेच झाले. सेल्झनिक १९६५ मध्ये वारले. पुढे सत्तरच्या दशकात नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा अर्ज झाला नाही आणि अमेरिकेत चित्रपट पब्लिक डोमेनमध्ये गेला. कुणीही त्याच्या व्हिडिओ प्रती काढून विकाव्यात, अशी स्थिती आली. ब्रिटनमध्ये मात्र तो त्याच दिवशी पूर्ण संरक्षित होता. एकाच चित्रपटाची एकाच वेळी दोन उत्तरे असतात ती अशी.

मग १९९४ साली जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीतून अमेरिकेत एक कायदा झाला. परदेशी कृतींना अमेरिकेने केवळ तांत्रिक अटी न पाळल्याबद्दल हक्क नाकारले होते. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार तसे करता येत नाही. म्हणून १ जानेवारी १९९६ रोजी असे हक्क आपोआप पुन्हा जिवंत झाले. पण सरसकट नव्हे. त्या दिवशी कृती मूळ देशात संरक्षित असायला हवी, आणि मूळ देशात पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती अमेरिकेत प्रसिद्ध झालेली नसावी. इथे तारखांचे महत्त्व कळते. ‘द थर्ड मॅन’ लंडनमध्ये सप्टेंबर १९४९ मध्ये लागला आणि अमेरिकेत फेब्रुवारी १९५० मध्ये. तीस दिवसांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती, म्हणून तो परदेशी कृती ठरला आणि हक्क परतला. प्रदर्शन त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्येही झाले असते, तर आज उत्तर वेगळे असते. ‘डी. ओ. ए.’ला या कायद्याचा काहीच फायदा नाही, कारण तो अमेरिकीच. ‘द थर्ड मॅन’मध्ये मेला म्हणून पुरलेला हॅरी लाइम एका दाराच्या अंधारात जिवंत उभा सापडतो; चित्रपटाच्या हक्कांचेही तसेच झाले.

लॉरेन्स गोलन या वाद्यवृंद-संचालकाने इतरांसह या पुनरुज्जीवनाला आव्हान दिले. लोकांच्या मालकीचे झालेले परत काढून घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ते फेटाळले. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या मते पब्लिक डोमेनमध्ये गेलेली कृती तिथून कधीच बाहेर येऊ शकत नाही, असे राज्यघटना सांगत नाही. न्यायमूर्ती ब्रेयर यांची हरकत अशी की कॉपीराइट नवे लिहायला प्रोत्साहन म्हणून दिला जातो, आणि जुने परत बंद केल्याने एकही नवी कृती निर्माण होत नाही. कॉपीराइटच्या हेतूबद्दल मला ब्रेयर यांचे म्हणणे जास्त पटते. तरीही ग्रीन यांच्यासारख्या लेखकाचा हक्क, त्याच्या स्वतःच्या देशात अस्तित्वातच नसलेला एक अर्ज राहिला म्हणून जावा, हेही न्यायाचे म्हणता येत नाही. ते काही असो, तपास करणाऱ्याने प्रचलित कायदा पाहायचा : अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत २०४४ अखेर संपते आणि १ जानेवारी २०४५ रोजी चित्रपट तिथे मोकळा होतो.

ब्रिटन : कायद्याला ‘चित्रपट’ दिसतच नव्हता

मूळ देशात गणित आणखी वेगळे आहे. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यात चित्रपट नावाचा स्वतंत्र प्रकार नव्हता. त्यामुळे १ जून १९५७ पूर्वी तयार झालेल्या चित्रपटांना तिथे आजही ‘चित्रपट’ म्हणून हक्क नाही. त्यांच्याकडे एकीकडे नाट्यकृती म्हणून आणि दुसरीकडे एकामागून एक आलेल्या छायाचित्रांची माळ म्हणून पाहिले जाते. नाट्यकृतीची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे. पण कर्ता कोण? रीड (मृत्यू १९७६) मानले तर २०४६ अखेर. ग्रीन (मृत्यू १९९१) मानले तर २०६१ अखेर. या वादाचा निकाल लावायची गरज प्रत्यक्षात पडत नाही, कारण ग्रीन यांची पटकथा आणि कादंबरी ही त्यांची साहित्यकृती म्हणून तशीही २०६१ संपेपर्यंत संरक्षित आहे.

पुढच्या काळातल्या चित्रपटांसाठी युरोपने १९९३ मध्ये एक रीत ठरवली : मुख्य दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि खास त्या चित्रपटासाठी संगीत देणारा, या चौघांपैकी शेवटी जो मरेल त्याच्यानंतर ७० वर्षे. ऐकायला सोपी, पण संवादलेखक ठरवताना पंचाईत होते. ‘द थर्ड मॅन’मधले सर्वांत गाजलेले वाक्य, कोकिळेच्या घड्याळाचे, ग्रीन यांचे नव्हे, ते वेल्स यांनी घातले. म्हणून श्रेयनामावलीवर पूर्ण विसंबता येत नाही.

वरचे घर मोकळे, खालची जमीन दुसऱ्याची

आता सगळ्यात जास्त फसवणारा भाग. चित्रफितीचा हक्क संपला असे पक्के झाले, तरी काम संपत नाही. १९३८ चा ‘पिग्मॅलियन’ हा चित्रपट नूतनीकरणाअभावी अमेरिकेत मोकळा झाला होता. त्याच्या प्रती भाड्याने देणाऱ्याला १९७९ मध्ये अपील न्यायालयाने रोखले, कारण चित्रपटात बर्नार्ड शॉ यांचे नाटक होते आणि नाटकाचा हक्क अजून चालू होता. गुन्हेपटांच्या चाहत्यांना याहून जवळचे उदाहरण हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’चे (१९५४). तो कॉर्नेल वूलरिच यांच्या १९४२ मधल्या एका मासिककथेवर आधारलेला. नूतनीकरणाची वेळ येण्याआधीच, १९६८ मध्ये वूलरिच वारले. नूतनीकरण त्यांच्या इस्टेटीतर्फे झाले, आणि शेल्डन एबेंड यांनी कथेचे हक्क ६५० डॉलर आणि पुढच्या उत्पन्नातला वाटा देऊन विकत घेतले. चित्रपट पुन्हा प्रदर्शित केला गेला तेव्हा त्यांनी दावा लावला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : लेखकाने नूतनीकरणाचे दिलेले वचन तो आधीच मेल्यामुळे वारसांना बांधत नाही, आणि कथेच्या मालकाला विचारल्याशिवाय चित्रपट चालवता येत नाही. चित्रपटाचा स्वतःचा हक्क तेव्हा शाबूत होता, तरी हे घडले.

मग प्रत्येक मोकळ्या चित्रपटाखाली असा सुरुंग असतोच का? नाही. १९९८ मध्ये ‘मॅक्लिंटॉक!’ या चित्रपटाबाबत अपील न्यायालयाने ठरवले की वेगळी न छापलेली पटकथा चित्रपटाबरोबरच प्रसिद्ध होते, म्हणून जेवढी ती चित्रपटात उतरली आहे तेवढी त्याच्यासोबतच मोकळीही होते. गोष्ट आधी पुस्तकात, मासिकात किंवा रंगमंचावर आली होती की थेट पडद्यावर, हा प्रश्न त्यामुळे निर्णायक ठरतो. ‘डी. ओ. ए.’ची कथा थेट पडद्यासाठी लिहिलेली, म्हणून तो तुलनेने सुरक्षित. ‘द थर्ड मॅन’ची गोष्ट मात्र, चित्रपटानंतर का होईना, पुस्तक म्हणून वेगळी छापली गेली आहे.

भारतात हिशेब कसा मांडायचा

आपल्याकडे नोंदणीची सक्ती नाही, नूतनीकरणाची भानगडही नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपट प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. साहित्य आणि संगीत यांना कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. पूर्वी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथ टागोरांच्या कृती १९९१ अखेर मोकळ्या होणार म्हणून ती दहा वर्षांनी वाढवली गेली. हा कायदा २१ जानेवारी १९५८ रोजी लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या चित्रपटांसाठी जुन्या, १९११ च्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेल्या तरतुदीही पाहाव्या लागतात. ‘द थर्ड मॅन’ची चित्रफीत साठ वर्षांच्या हिशेबाने २००९ अखेर मोकळी होते, पण कारास १९८५ मध्ये वारले म्हणून संगीत २०४५ अखेरपर्यंत आणि ग्रीन यांचे लेखन २०५१ अखेरपर्यंत बंद.

मुंबईच्याच एका गुन्हेपटाला हा हिशेब लावून पाहा. राज खोसला दिग्दर्शित आणि गुरुदत्त निर्मित ‘सी. आय. डी.’ १९५६ चा. साठ वर्षे २०१६ अखेर भरली, चित्रफितीची आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांचीही. पण गाण्यांचे काय? जाँनिसार अख्तर १९७६ मध्ये गेले, मजरूह सुलतानपुरी २००० मध्ये, ओ. पी. नय्यर २००७ मध्ये. म्हणजे अख्तरांचे शब्द २०३६ अखेरपर्यंत, मजरूह यांचे २०६० पर्यंत आणि नय्यर यांच्या चाली २०६७ पर्यंत संरक्षित. त्या काळच्या मुंबईचे रस्ते दाखवणारी दृश्ये आणि त्यांच्यावर वाजणारे गाणे यांच्या मुदतींत अर्ध्या शतकाचे अंतर आहे.

यावर एक जोरदार आक्षेप घेतला जातो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सांगितले की निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. मग सगळे थर एकाच्याच हातात आले; चित्रपट मोकळा झाला की सगळेच मोकळे, नाही का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मालक कोण हा एक प्रश्न, हक्क किती वर्षे हा दुसरा. मालकी निर्मात्याकडे गेली तरी गीताची मुदत गीतकाराच्या मृत्यूपासूनच मोजली जाते. शिवाय कायद्याचे कलम १३ पोटकलम ४ स्पष्ट सांगते की चित्रपटाच्या हक्कामुळे त्यात वापरलेल्या कृतींच्या स्वतंत्र हक्काला बाध येत नाही. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सत्यजित राय यांच्या ‘नायक’बाबत याच दिशेने निर्णय दिला : चित्रपट निर्मात्याचा असला तरी पटकथा राय यांची, त्यामुळे तिच्यावरून कादंबरी करू देण्याचा अधिकार त्यांच्या वारसांकडचा.

चौकट : उतारा लिहिताना
• हातात कोणती आवृत्ती आहे? लांबी, निवेदन, उपशीर्षके तपासा. उपशीर्षके म्हणजे भाषांतर. त्यांचा हक्क वेगळा.
• पहिले प्रदर्शन कोणत्या देशात, कोणत्या तारखेला? दुसऱ्या देशात त्यानंतर किती दिवसांनी?
• १९६४ पूर्वीची अमेरिकी कृती असेल तर नूतनीकरण झाले का? अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या छापील सूची इंटरनेटवर पाहता येतात. शोध मूळ नावाने, पर्यायी नावाने आणि कंपनीच्या नावानेही घ्या.
• गोष्ट आधी छापली गेली होती का? लेखक, गीतकार, संगीतकार यांची मृत्युवर्षे कोणती?
• चित्रपट कोणत्या देशात दाखवायचा आहे? मुदत त्या देशाच्या कायद्याने मोजायची.

‘पण कुणी विचारतंय का?’

हा सर्वांत प्रचलित युक्तिवाद : वर्षानुवर्षे इंटरनेटवर आहे, कुणी काढून टाकले नाही, म्हणजे मोकळाच असणार. मालकाच्या मौनाने हक्क संपत नाही. अमेरिकेत मोकळ्या काळात ‘द थर्ड मॅन’च्या प्रती विकणाऱ्यांनाही १९९६ च्या पुनरुज्जीवनानंतर फक्त मर्यादित सवलत मिळाली, मालकाने नोटीस दिली की शिल्लक माल विकायला बारा महिने, बस्स. उलट बाजूचा समजही तितकाच कच्चा आहे. नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीवर एखाद्या कंपनीने ताजे वर्ष छापले म्हणून जुनी चित्रफीत पुन्हा तिच्या मालकीची होत नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये मोकळ्या चित्रांच्या हुबेहूब छायाचित्रांना वेगळा हक्क नाकारला, तो याच तत्त्वावर : मेहनत आणि खर्च यांनी हक्क मिळत नाही, नवनिर्मिती लागते. प्रतीची मालकी आणि हक्काची मालकी हेही वेगळेच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, ते १९६४ मध्ये स्थापन झाल्यापासून, हजारो रिळे जपली गेली. पण रीळ जपणारा हा त्यावरच्या कथेचा किंवा संगीताचा मालक होत नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. इतका तपास करूनही मालक सापडलाच नाही तर? निर्मिती संस्था बंद, वारस विखुरलेले, करारनामे गहाळ : आपल्याकडच्या पन्नाशी-साठीतल्या कितीतरी चित्रपटांची ही स्थिती आहे, आणि त्यात नुकसान होते ते चित्रपटाचेच, कारण भीतीपोटी तो कुणी दाखवत नाही. माझ्या मते ओझे हक्क सांगणाऱ्यावर हवे. अमेरिकेने १९९६ नंतर निदान एवढे केले की पुनरुज्जीवित हक्क बजावू पाहणाऱ्यांच्या नोटिसा कॉपीराइट कार्यालयात दाखल करून घेतल्या आणि त्यांची यादी सरकारी राजपत्रात छापली. वाचणाऱ्याला निदान कुणाला विचारायचे ते कळते. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३१-अ ची वाट आहे. कर्ता मृत किंवा अज्ञात असेल, मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल, तर ती कृती लोकांपुढे आणण्यासाठी परवाना मागता येतो. त्यासाठी आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, मग अर्ज, चौकशी, आणि परवाना मिळाला तर ठरलेली रॉयल्टी जमा करायची, म्हणजे मालक पुढे कधी उभा राहिला तर त्याचे पैसे त्याला मिळतील. हा अर्ज पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे जाई, नंतर अपील मंडळाकडे गेला, आणि २०२१ मध्ये तेही मंडळ रद्द झाल्यावर आता वाणिज्य न्यायालयाकडे जातो. एका गावातल्या फिल्म सोसायटीने एका संध्याकाळच्या खेळासाठी वाणिज्य न्यायालय गाठावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. चित्रपटनिहाय हक्कांची सार्वजनिक नोंदवही ठेवली, आणि ठरावीक मुदतीत जिथे कुणी नाव नोंदवले नाही तिथे ना-नफा खेळांना साध्या अर्जावर परवानगी दिली, तर हे काम तालुक्याच्या गावातूनही होऊ शकेल.